दोन मार्कांचं उत्तर

जमिला मुकादम वर आली तेव्हा आशालता टिपणीस यांची नववीची शिकवणी अगदी रंगात आली होती. शिकवणी चालू असताना कुणी दार वाजवलेलं टीचरना खपत नसे. जमिला दार वाजवायचीच नाही. अर्ध्या उघड्या दारातून डोकं आत घालायचं, "टीचर, बिझी हाव का?" म्हणायचं, आणि समोर पोरं नकाशे पसरून बसलेली दिसत असली तरी आत येऊन दिवाणाच्या कोपऱ्यावर टेकायचं, ही तिची रीत. एकाच बिल्डिंगीत वर-खाली राहून इतकी वर्षं झाल्यावर दोघींनाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं.

"बिझी आहे. बोल."

"फुजैलचं विचारायचं होतं."

फुजैल हा जमिलाचा एकुलता मुलगा. जासईच्या एका कंटेनर यार्डात तो रीच स्टॅकर चालवायचा. म्हणजे ते अजस्र धूड, जे भरलेला कंटेनर सोंडेने उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर नेऊन ठेवतं. पोराचा हात चांगला बसला होता. एजंटाने त्याच्यापुढे आफ्रिकेतल्या दोन जागा ठेवल्या होत्या. काम सारखं, पगार सारखा. एक जागा केनियात, समुद्रापासून लांब, रेल्वेने आलेले कंटेनर उतरवून घ्यायच्या यार्डात. दुसरी टांझानियात, टांगानिका नावाच्या लांबलचक सरोवराच्या काठी, बोटींवर माल चढवायच्या धक्क्यावर. फुजैलला दोन्ही चालत होतं. जमिलाला दोन्हींची धास्ती होती, कारण त्याच सुमाराला इथिओपियात एक ज्वालामुखी फुटला होता, त्याची राख वाऱ्यावर तरंगत थेट आपल्या देशापर्यंत आली होती, आणि जमिलाच्या नणंदेचं जेद्दाचं विमान त्यापायी रद्द झालं होतं. एरवी आफ्रिका जमिलाच्या खिजगणतीतही नव्हती. एकदम ती नणंदेच्या बॅगांपर्यंत येऊन पोचली.

"ते केनिया पण त्याच आगीच्या डोंगरांच्या लाइनीत येतं म्हणतात. खरं काय, टीचर? तुमी सांगाल तिकडं पाठवते."

आशालताबाईंना असं विचारलेलं आवडायचं. उगाच आडपडदा कशाला, फार आवडायचं. उरण तालुक्यातल्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलगा करंजाड्याला नव्या टॉवरमध्ये राहायला गेला, आणि बाई पनवेलात वडाळे तळ्याजवळच्या या बिनलिफ्टच्या जुन्या बिल्डिंगीत शिकवण्या घेत एकट्या राहिल्या. स्वभाव तिखट. बँकेतल्या क्लार्कची चूक त्याच्या साहेबासमोर दाखवायची, मिठाईवाल्याला शुद्धलेखनापायी पाटी पुन्हा रंगवायला लावायची, सोसायटीच्या सभेत चेअरमनला "तुम्ही वाचून आला नाहीत" असं तोंडावर सांगायचं. बिल्डिंगीतली माणसं त्यांना वचकून असत आणि अडलं की त्यांच्याकडेच येत. कोणती गोळी उपाशीपोटी घ्यायची इथपासून सुकापूरला फ्लॅट बुक करावा की नाही इथपर्यंत टीचरकडे उत्तर असे. बहुतेक बरोबरही निघे. तिथेच घात झाला.

समोर पोरांचा आफ्रिकेचा नकाशा पडलेलाच होता. त्यावर बाईंनी लाल पेन्सिलीने पूर्व आफ्रिकेची खचदरी ओढून दिली होती. वरून खाली एक रेघ आणि रेघेवर ज्वालामुखीचे त्रिकोण.

"ये इकडे. हे बघ, इथे जमीन दोन्ही बाजूंनी ओढली जातेय, म्हणून मधली पट्टी खाली खचलीय. आफ्रिकेचा पूर्वेकडचा तुकडा सुटायला लागलाय. नख वाढतं ना, त्याहून हळू. हे त्रिकोण म्हणजे ज्वालामुखी. केनियात बघ किती आहेत. आता हे तुझं तळं. आहे एक तरी त्रिकोण?"

जमिलाने चष्मा आणला नव्हता. तिने नकाशा हातभर लांब धरला. "नाय दिसत."

"दिसत नाही, कारण नाहीच. आणि ज्वालामुखी नाही तिथे भूकंप नाही. तळ्याकडे पाठव. बिनघोर."

"नक्की ना?"

"जमिला, मी आयुष्यभर हेच शिकवलंय. जा आता. यांचा उद्या पेपर आहे."

"अल्ला तुमचं भलं करो," म्हणत जमिला उठली, आणि फुजैल सरोवराकडे गेला.

सुरुवातीचे महिने बरे गेले. फुजैल व्हिडिओ कॉल करायचा आणि जमिला फोन घेऊन वर यायची, कारण तिच्या मते ही टीचरचीही कमाई होती. सरोवर असं की पलीकडचा काठ दिसत नाही. किनाऱ्यावर बारीक मासळी वाळत घातलेली, अगदी आपल्या सुकटीसारखी. "टीचर, वास पण सेम!" फुजैल ओरडून सांगायचा. बाई चष्मा वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "सरोवराची खोली विचार तिथे कुणाला तरी. जगात दुसरा नंबर आहे." म्हणजे बघा, खोली माहीत होती. ते इतकं खोल कशामुळे झालं, हा पुढचा प्रश्न काही त्यांनी स्वतःला विचारला नाही.

भूकंप दुपारचा झाला. फार मोठा नव्हता. जगाच्या बातम्यांत जेमतेम दोन ओळी आल्या. फुजैल पाळी संपवून कामगारांच्या खोलीत आडवा झाला होता. कच्च्या विटांच्या भिंती आणि वर सिमेंटची स्लॅब. स्लॅब राहिली, भिंत खाली आली, ती त्याच्या डाव्या पायावर.

जमिलाचं रडणं जिन्यातून वर आलं तशा बाई धावत खाली गेल्या. त्या दिवशी त्या खरोखर कामाच्या ठरल्या. एजंटाला फोनवर असा झापला की त्याने हॉस्पिटलचं नाव, डॉक्टरचा नंबर, सगळं तिथल्या तिथे दिलं. फुजैल शुद्धीवर आहे हे जमिलाला त्याच्याच तोंडून ऐकवलं. यूम्नाला, म्हणजे जमिलाच्या मुलीला, सासरहून बोलावून घेतलं. मग संध्याकाळी वर येऊन, जागा नेमकी कुठे आहे ते बघावं म्हणून, त्यांनी मोबाइलवर भूकंपांचा नकाशा उघडला.

खचदरी ही एक रेघ नव्हतीच.

मधे व्हिक्टोरिया सरोवर, आणि परात दोन हातांनी धरावी तसे त्याच्या दोन बाजूंनी दोन फाटे. पूर्वेकडच्या फाट्यावर, केनियातून जाणाऱ्या, त्रिकोणच त्रिकोण होते. भूकंपाचे ठिपकेही होते, पण बहुतेक बारके. पश्चिमेकडच्या फाट्यावर ती लांबट सरोवरं एकाखाली एक पडलेली. तिथे ज्वालामुखी दोन-तीन ठिकाणी पुंजक्याने, बाकी मोकळं. आणि ठिपके? ठिपक्यांनी सरोवरांचे काठ भरून गेले होते. मोठे ठिपके जास्त करून तिकडेच.

आणि यात बाईंना नवीन काहीच नव्हतं! बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला हे त्यांना शिकवलेलं होतं. सरांनी फळ्यावर दोन फाटे काढले होते. एकदा तर सगळ्या वर्गाला पनवेलजवळच्या डोंगरात आणून लाव्ह्याचे थर समुद्राकडे कसे कलले आहेत ते दाखवलं होतं, आणि म्हटलं होतं, तुमच्या पायाखालची जमीनही एके काळी अशीच ताणून तुटली आहे, तेव्हा आफ्रिकेला परकं समजू नका. आशालता त्या पेपरात पहिली आली होती.

मग शाळा. दोन फाटे सांगितले की पोरं गोंधळतात. प्रश्न दोन मार्कांचा. म्हणून एक रेघ. भूकंपाचे ठिपके वेगळे दाखवायला वेळ जातो, म्हणून त्रिकोणावरच ठिपका. "ज्वालामुखी तिथे भूकंप" हे पाठ करायला सोपं, आणि तसं बघितलं तर बरंचसं खरंही. ते उलटं फिरवलं की खोटं होतं, हे तपासायची वेळच आली नव्हती, कारण पेपर तपासणारेही तेच शिकवत होते. जन्मभर सोपं करून सांगता सांगता अवघड तेवढं बाईंच्या स्वतःच्याच डोक्यातून गळून गेलं होतं. आणि एका आईने मुलाला कुठे पाठवू म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी नववीतल्या पोराला द्यायचं उत्तर तिच्या हातावर ठेवून तिला वाटेला लावलं.

बाईंचे कान तापले. घरात कुणी नव्हतं तरी त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी जमिला रडत होती. मग पोराचं ऑपरेशन होऊ दे म्हटलं. मग तो घरी येऊ दे. दोष तसा भिंत बांधणाऱ्याचा, हेही मनाशी घोळवून झालं. ते खरंच होतं, आणि त्याने काडीचाही आराम पडत नव्हता.

फुजैल आला तो काठी घेऊन. मांडीत सळई, आणि शीर चेंगरल्यामुळे डाव्या पायाचा पंजा वर उचलला जात नव्हता. चालताना टाचेआधी बोटंच टेकायची. रीच स्टॅकर हे पायानेही चालवायचं यंत्र आहे. डॉक्टर म्हणाले, बघू. जासईच्या यार्डातला सुपरवायझरही म्हणाला, बघू.

तो आल्याच्या आठवड्यात जमिला डबा घेऊन वर आली. तांदळाचं सांदण, नारळाच्या दुधातलं, अजून कोमट.

"हे कशाला गं?"

"कशाला काय? तिकडं केनियात असता तर पोराची राख पण मिळाली नसती. तुमी अडवलंत. पाय गेला तर गेला, जीव तर राहिला. पाच वेळच्या नमाजात तुमचं नाव घेते मी, टीचर. खा माझ्यासमोर."

बाई म्हणाल्या, "जमिला, ऐक..."

"खा आधी!"

आणि आशालता टिपणीस, ज्यांनी चेअरमनला तोंडावर सुनावलं होतं, त्यांनी एक तुकडा तोडून तोंडात घातला. मग दुसरा. जमिलाच्या डोळ्यांत पाणी होतं. सांदण उत्तम झालं होतं. तेही म्हणाल्या त्या. "उत्तम झालंय."

त्या दिवसापासून बाईंचं जिन्याशी बिनसलं. वरून खाली जायला एकच जिना, आणि तो मुकादमांच्या दारावरून जायचा. त्या दाराशी आल्या की बाई चपला काढून हातात घेत, आवाज नको म्हणून. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे कुरकुरणारी, चपला हातात धरून चोरासारखी उतरतेय! एकदा फुजैलने बघितलंच. तो दारात खुर्ची टाकून पायाचा व्यायाम करत होता.

"टीचर, चपला तुटल्या का?"

"हं. तुटल्या."

"द्या ना, मोच्याकडे टाकतो. तेवढाच माझा पण वॉक होईल."

"राहू दे, राहू दे," म्हणत बाई धडधाकट चपला पदराआड धरून अनवाणी रस्त्यावर गेल्या आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलसमोर घातल्या. मेडिकलवाला बघत राहिला. एरवी असं कुणी बघितलं की बाई "काय बघताय?" म्हणत. त्या दिवशी नाही म्हणाल्या.

पण अशी सुटका काही होणार नव्हतीच. एका गुरुवारी जमिला पुन्हा दारातून डोकावली. आता यूम्नाच्या नवऱ्याचं होतं. इक्बालही जासईलाच होता, त्याच यंत्रावर. त्याच एजंटाने त्याच दोन जागा त्याच्यापुढे ठेवल्या होत्या, कारण सरोवरावरची फुजैलची जागा रिकामीच होती.

"आनि आमचे जावईबापू म्हणतात केनियाला जातो. आगीच्या डोंगरात! यूम्ना तोंड शिवून बसलीय. मी बोलले, तळ्याकडे काय तो हादरा बसून गेला, जमीन आता बसली असेल. आगीचा तर तिथं सवालच नाय. उद्या जुम्म्याची नमाज झाली की तो येतोय. तुमी खाली या आनि सांगा त्याला. तुमचा शब्द पडला की ऐकेल."

"जमीन बसली म्हणून कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला? एकदा होऊन गेलं ना."

"त्याचा तो शहाणा आहे. त्याला ठरवू दे की."

"टीचर!" जमिला दुखावून म्हणाली. "फुजैलच्या येळी सांगितलंत. जावई परका काय?"

ती गेल्यावर बाई दिवाणावर बसल्या. गप्प राहिलं तरी इक्बाल कदाचित केनियालाच जाईल. मग कुणालाच काही कळायचं नाही. हा विचार त्यांच्या मनात आला आणि किती छान बेतून आला! त्याच क्षणी त्यांना स्वतःची अशी किळस आली की त्या उठल्या आणि उगाचच हात धुऊन आल्या. कारण जमिला हट्टाला पेटली तर इक्बाल त्याच खोलीत, त्याच भिंतीखाली झोपायला जाणार होता, आणि या खेपेला बाईंनी ते माहीत असून होऊ दिलं असं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी त्या खाली गेल्या. चपला घालून.

इक्बाल टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. उंचापुरा, हसरा माणूस. "या टीचर. अम्मीनं तुम्हाला वकील लावलंय म्हणे माझ्यावर."

"फी सांदणात देतात," फुजैल पलंगावरून म्हणाला. यूम्ना हसली. बाईंना हसता आलं नाही.

त्या बसल्या आणि शिकवायला लागल्या. ती त्यांची जुनी लपायची जागा. दोन फाटे कसे आहेत, मधे व्हिक्टोरिया कसं, हवेत बोटाने काढून दाखवलं. "पूर्वेकडे खालून तापलेला रस वर चढतो, म्हणून जमीन गरम आणि मऊ. पश्चिमेकडे जमीन थंड, जाड आणि कडक. जमिला, तू भाकरीला उकड काढतेस ना? गरम उकड ओढली तर ताणते, इथे तिथे थोडी फाटते. पण वाळलेला पापड ओढलास तर? आधी काहीच होत नाही, आणि मग कडकन मोडतो. पूर्वेकडे आग जास्त, भूकंप बहुतेक लहान. पश्चिमेकडे आग कमी, पण भूकंप मोठे आणि खोलवरून. ते तळंच मुळी जमीन खचून झालेलं आहे."

जमिला मान डोलावत होती. शिक्षकांच्या बोलण्यावर डोलवावी तशी. "बरोबर. म्हणजे इक्बालनं तळ्याकडं जावं."

"अगं, नाही!"

"मग? सरळ सांगा ना, टीचर," यूम्ना म्हणाली.

बाईंनी पदर सावरला, तो सावरायची गरज नव्हती.

"मी तुला चुकीचं सांगितलं होतं, जमिला. ज्वालामुखी नाही म्हणून भूकंप नाही, असं नसतं. तळ्याची बाजूच मोठ्या भूकंपांची. हे मला शिकवलेलं होतं. माझ्या लक्षात नव्हतं, आणि मी बघितलंही नाही. शिकवणी चालू होती, मला घाई होती, म्हणून आलं ते ठोकून दिलं. फुजैल माझ्यामुळे तिकडे गेला."

फुजैल पायाकडे बघू लागला. इक्बालने टोपी उचलली आणि पुन्हा ठेवली. जमिला बाईंकडे वळली.

"कवा कळलं तुमाला?"

दुसरं काहीही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"ज्या दिवशी त्याला लागलं. त्याच संध्याकाळी."

"म्हणजे मी सांदण घेऊन आले..."

"तेव्हा माहीत होतं."

"आनि तुमी खाल्लंत."

"हो."

"माझ्यासमोर. उत्तम झालंय म्हणालात." जमिलाचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "चूक काय, कुणाची पण होते. ‘मला ठाऊक नाय’ बोलला असतात तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं असतं. ते नाय बोललात. चला, ते पण सोडा. पण मी पाच वखत तुमच्यासाठी हात पसरत होते, आनि तुमी वर बसून ते घेत होता. अल्लाला काय वाटलं असेल?"

आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी उत्तर शोधायचा प्रयत्नही केला नाही.

"अम्मी, जाऊ दे ना," इक्बाल म्हणाला. "बघा, मग केनियाच बरं. मी तेच बोलत होतो."

"आग हाय तिथं!"

"जमिला, तिथले डोंगर..." बाईंनी सुरुवात केली.

"तुमी नका सांगू आता." जमिलाने त्यांच्याकडे न बघता हात आडवा धरला. "तुमी आग नाय म्हणालात तरी मला खरं वाटायचं नाय, आनि हाय म्हणालात तरी नाय."

आणि तेही बरोबरच होतं. खरं होतं ते या वेळी बाईंच्या जिभेवर होतं. केनियातल्या त्या डोंगरांवर लक्ष ठेवणारी माणसं असतात, ज्वालामुखी बहुधा आधी काहीतरी सूचना देतो, भूकंप देत नाही. पण ते ऐकायला त्या घरात कुणी उरलं नव्हतं.

फुजैलने काठीने जमिनीवर टकटक केली. "अम्मी, मी सांगू? मी तिथं होतो. मला डोंगरानं नाय धरलं, तळ्यानं नाय, भिंतीनं धरलं. आमच्या खोलीला लागून पत्र्याची शेड होती, मालाची. ती नुसती खडखडली. तिथं झोपलो असतो तर आज जासईला ड्युटीवर असतो. आग-बिग सोड. इक्बालभाई, एजंटला लावा फोन. विचारा, झोपायला काय देणार."

इक्बालने फोन स्पीकरवर टाकला. एजंट आधी जेवणाचं सांगत बसला, मग एसी बसचं. इक्बालने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, सरोवरावर तीच बिल्डिंग आहे, प्लास्टर करून घेतलंय, एकदम नवी दिसते. आणि केनियात? केनियात खोल्या नाहीत, यार्डातल्या जुन्या कंटेनरांनाच खिडक्या पाडून राहायला दिलेत. "थोडं गरम होतं, भाई, पण फॅन आहे."

इक्बाल मोठ्याने हसला. "लो! जिंदगीभर डबे उचलले, आता डब्यात झोपायचं."

"डबा पडत नाय," फुजैल म्हणाला. "जास्तीत जास्त वाजतो."

यूम्नाने फोन बंद केला. "केनियाला जा," ती नवऱ्याला म्हणाली. "पोचलास की पहिल्या दिवशी खोलीचा व्हिडिओ पाठव. आतून, छतासकट. विटांची भिंत दिसली तर दुसऱ्या विमानानं परत. मला पैसे-बैसे सांगू नको."

"जो हुकूम."

जमिलाने कुरकुर केली, आगीचं पुन्हा एकदा काढलं, पण मुलीचा आवाज ऐकून ती हटली, आणि यूम्ना चहा टाकायला आत गेली. पोरांनी ठरवलं होतं. टीचरना कुणी काही विचारलं नाही. कुणी त्यांना जा असंही म्हणालं नाही, आणि बाई खुर्चीच्या अगदी कडेला बसून होत्या, बोलावल्याशिवाय आलेल्या पाहुण्यासारख्या.

"येते मी," त्या शेवटी म्हणाल्या.

जमिलाने आता वर बघितलं. "थांबा. पोराचा पाय कवा उचलेल, ते पण सांगून जा की. त्याचा नकाशा नाय का तुमच्याकडं?"

"अम्मी, बस झालं," फुजैल हळूच म्हणाला.

बाई अर्ध्या उठल्या होत्या, तशाच राहिल्या.

"बसा," जमिला म्हणाली. "यूम्नानं चहा टाकलाय. आमच्या घरचं घेऊन गप बसायची सवयच हाय तुमाला."

चहा घेऊन आलेली यूम्ना लाजेने लाल झाली आणि कप पुढे करून आत पळाली. नाही म्हणायला कारणं पुष्कळ होती. पित्त होतं, चारची शिकवणी होती, गोळी घ्यायची राहिली होती, आणि एकही खोटं नव्हतं. पण नाही म्हणून उठून जाणं म्हणजे आपली आपण सुटका करून घेणं, आणि ती एवढ्यात व्हायची नाही. बाई बसल्या. चहात साखर फार होती. तो त्यांनी जमिलासमोर, मान खाली घालून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.